बनगरवाडीत खून होत नाही

मला पुस्तकात मेलेला माणूस लागतो. शक्यतो पहिल्या वीस पानांत, आणि शक्यतो दार आतून बंद असलेल्या खोलीत. याला कुणी विकृती म्हणेल, पण हे वळण घरातूनच लागलं. आमच्याकडे बाबूराव अर्नाळकर असे यायचे की जणू दूधच येतंय. हजारावर रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण होतं. स्वतःच्या नावाच्या बाबतीतही त्यांनी वाचकाला गाफील ठेवलं, याचं मला फार कौतुक वाटायचं. त्यांचे नायक झुंजार, काळापहाड आणि धनंजय हे मला सख्ख्या मामांपेक्षा जवळचे होते. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकरांचे बॅरिस्टर अमर विश्वास आले आणि शेवटी ॲगाथाबाई आल्या त्या कायमच्या राहायलाच.

ही पुस्तकं सर्क्युलेटिंग लायब्ररीची असत. तिथे एक अज्ञात नराधम मेंबर होता. तो पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. त्याला शोधून काढायचं मी ठरवलं होतं, पण इतक्या वर्षांत माझ्या हातून न उकललेली ती एकच केस.

नोकरी लागली आणि डोंबिवली-सीएसटीचा प्रवास सुरू झाला, तेव्हा तर रहस्यकथा हा एकमेव व्यवहार्य वाङ्मयप्रकार ठरला. लेडीज डब्यात एका पायावर उभं राहून कविता वाचता येत नाही. खून वाचता येतो. दिव्याला प्रेत, ठाण्याला इन्स्पेक्टर, कुर्ल्याला भलत्याच माणसाला अटक, आणि दादरला धक्काबुक्कीत पान हरवलं तरी बिघडत नाही, कारण भायखळ्यापर्यंत डिटेक्टिव्ह सगळं पुन्हा समजावून सांगतोच.

या वाचनाचे घरावर थोडे परिणाम झाले. पहिल्या महायुद्धात ॲगाथा ख्रिस्ती रुग्णालयाच्या औषधालयात काम करत होत्या आणि विषांची माहिती त्यांना तिथे मिळाली, हे मी एकदा जेवताना सांगितलं. सोबत आर्सेनिकची थोडी अधिक माहितीही पुरवली. तेव्हापासून आमचे हे, मी चहाचा पहिला घोट घेतल्याशिवाय, आपल्या कपाला हात लावत नाहीत. वर त्याला ते पत्नीविषयीचा आदर म्हणतात.

सासूबाईंचं वाचन अगदी दुसऱ्या टोकाचं. त्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्यांना ज्यात काही म्हणता काही होत नाही, अशी पुस्तकं आवडतात. कुणीतरी खिडकीशी बसतं, पाऊस पडतो, जुनी मैत्रीण आठवते, पुस्तक संपतं. मी विचारायची, “आई, पुढे काय झालं?” त्या म्हणायच्या, “पाऊस थांबला.”

एका सुट्टीत माझा पुस्तकांचा साठा संपला. मी कपाटापुढे येरझाऱ्या घालताना पाहून त्यांनी व्यंकटेश माडगूळकरांचं ‘बनगरवाडी’ पुढे केलं. “हे घे. लहानसं आहे, संपेल.”

“यात कोण मरतं?”

“वाच आणि सांग.”

मास्तरणींची ही युक्ती जुनी आहे, पण माझ्यासारखीला चालते.

सुरुवात तर झकास होती. एक पोरसवदा मास्तर, राजाराम सौंदणीकर, भल्या पहाटे अंधारात एकटाच माणदेशच्या माळावरून अनोळखी वाडीकडे चालला आहे. चिटपाखरू नाही. मी पाय पोटाशी घेऊन सरसावले. अंधार, माळ, एकटा प्रवासी. माझ्या अनुभवाप्रमाणे हा इसम पान पाचपर्यंत काही जगत नाही. पण तो नुसता जगलाच नाही, तर सुखरूप गावात पोचला आणि शाळेत पोरं कशी येतील या काळजीला लागला.

मी धीर सोडला नाही. काही पुस्तकांत प्रेत उशिरा येतं. तोवर संशयितांची यादी करायला घेतली. कारभारी: गावाचा कर्ता म्हातारा, सगळा वचक त्याचा, म्हणजे नक्की काहीतरी दडवत असणार. दादू बालट्या: सारखा कुरापती काढतो, फार उघड आहे, म्हणजे हा नव्हे. आयबू: मास्तरांचा सोबती, गरीब, गोड स्वभावाचा. त्याच्यावर मी दोनदा रेघ मारली. गोड माणसांनी मला आजवर फार फसवलं आहे. आणि आनंदा रामोशी. याच्यापाशी माझी विद्या थबकली. आनंदा चोर आहे आणि ते सगळ्या वाडीला ठाऊक आहे. चोर पहिल्यापासून माहीत, चोरी का करतो तेही माहीत, आणि तरी लोक त्याच्याशी बोलतात, तो लोकांशी बोलतो. मग डिटेक्टिव्हने करायचं काय?

एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने १९२८ साली रहस्यकथेसाठी वीस नियम घालून दिले होते. प्रेत हवंच, खुनापेक्षा कमी गुन्ह्यासाठी वाचकाला तीनशे पानं राबवू नये. लांबलचक वर्णनं नकोत. प्रेमप्रकरण नको. माझ्या मते राज्यघटनेखालोखाल वाचनीय असा हा मजकूर आहे. ‘बनगरवाडी’त माळाचं वर्णन आहे, मेंढरांचं आहे, पावसाचं आणि पाऊस नसण्याचंही आहे. कारभाऱ्याची पोरगी अंजी चोळी शिवून आणायचं काम मास्तरांना सांगते, तेव्हा मी त्या कापडाची नोंद ‘मुद्देमाल’ म्हणून केली. त्या चोळीने कारभाऱ्याच्या मनात किंतु आला, गैरसमज झाला, मनं दुखावली. माझ्या पुस्तकांत एवढ्या भांडवलावर तीन मुडदे पडतात. इथे माणसं नुसती अबोल झाली.

वाडी तालीम बांधायला घेते, आणि तिच्या उद्घाटनाला खुद्द संस्थानचे राजे येतात. गर्दी, राजा, धनगरांची वाद्यं, उघडी जागा! मी उठून बसले. झाडामागे बंदूकवाला असल्याशिवाय कुठला शहाणा लेखक एवढी तयारी करेल? राजा आला, सगळ्यांना भेटला आणि गेला. माडगूळकरांना हा प्रसंग अगदी सरळ मनाने लिहावासा वाटला होता. लेखक असा सरळ वागला की माझ्यासारख्या वाचकाची फार पंचाईत होते.

पुढे कारभारी वारला. अखेर प्रेत मिळालं, म्हणून मी पुढची पानं अधाशासारखी उलटली. वय झालेलं म्हातारं माणूस गेलं होतं. तपासाला काही जागाच नाही.

खरी अडचण कुठे होती, ते मला शेकूपाशी कळलं. शेकूकडे औताला दुसरा बैल नाही. पेरणीचे दिवस निघून चाललेत. तेव्हा त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतःचा खांदा जुवाखाली देते. माडगूळकर यावर भाष्य करत नाहीत, मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आणत नाहीत. औत चालतं आणि रान पेरलं जातं.

मी सवयीने पुढे गेले होते, परत मागे आले. रहस्यकथेचा वाचक पानातून उपयोगी तेवढं वेचतो. कोपऱ्यातली छत्री ओली आहे म्हटलं की तो खूश. कोपऱ्यात छत्री आहे एवढंच म्हटलं की लगेच पुढच्या ओळीवर. प्रत्येक वस्तूने साक्ष द्यायला हवी, नाहीतर तिने बाजूला व्हावं. माझ्या वाचनात वर्षानुवर्षं एकही शेळी नुसती शेळी म्हणून आलेली नव्हती. ती एकतर रात्री ओरडून वेळेचा पुरावा देणार, नाहीतर विषारी पाला खाऊन माणसाआधी मरणार. बनगरवाडीतली मेंढरं कुणाविरुद्ध साक्ष देत नाहीत. ती चरतात. आणि शेकूची बायको कसला धागादोरा नाही. ती तिथे आहे, तिच्या खांद्यावर जू आहे, आणि पुढचं पान उलटलं तरी ते उतरत नाही.

मग दुष्काळ येतो. मेंढरं मरू लागतात, माणसं जगायला बाहेर पडतात, एकेक घर उठतं. ‘दुष्काळ हाच या कादंबरीतला खरा खुनी’ असलं वाक्य इथे टाकायचा मोह अनेकांना होईल. मी टाकणार नाही. खुनी पकडता येतो. मी पुष्कळ पकडले आहेत.

१९५५ साली आलेल्या या पुस्तकाला लोक हळुवार म्हणतात. त्यांनी ते बहुधा माझ्यासारखंच, स्टेशनं मोजत वाचलं असावं. आवाज चढवत नाही म्हणून कुणी हळुवार होत नाही. आमच्या शाळेतले सगळ्यांत धाक असलेले सर कुजबुजल्यासारखे बोलायचे. १९९५ मध्ये अमोल पालेकरांनी यावर चित्रपट केला. तोही मी आता पाहणार आहे, आणि शेकूच्या प्रसंगाला पाणी प्यायच्या निमित्ताने उठणार आहे.

मी हे पुस्तक वाचत बसले होते त्या पहाटे दोनला सासूबाई बाहेर आल्या. दिवा चालू पाहून म्हणाल्या, “मग, कोण मेलं?”

“आई, ती शेकूची बायको...”

“हं,” त्या म्हणाल्या. “वर्गात वाचून दाखवताना तिथे मी नेहमी खडू शोधायला वळायचे.” आणि जाऊन झोपल्या. त्यांना या पुस्तकांची सवय आहे.

रहस्यकथा मी सोडलेली नाही, सोडणारही नाही. सध्या दोन्ही प्रकार शेजारी शेजारी चालू आहेत, आणि त्या अनुभवावरून वाचकांना एकच सूचना करते. शांत, चिंतनशील कादंबऱ्या झोपताना वाचाव्यात असं सगळे सांगतात, ते ऐकू नका. झोपताना खून वाचा. खुनी सापडतो, इन्स्पेक्टर त्याला घेऊन जातो, आणि तुम्ही घोरायला मोकळे. ‘बनगरवाडी’ सकाळी वाचायला घ्या, सुट्टीच्या दिवशी, आणि त्या दिवशी स्वयंपाकाचं दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवा.