आधी शीर्षक, मग वाचन

आपल्याकडे पीएचडी वाचनाने सुरू होत नाही, शीर्षकाने होते. ‘अमुकतमुक : एक चिकित्सक अभ्यास’. चिकित्सा कशाची, ते मागाहून बघू; आधी गाईडची सही.

समजा, विषय 1982चा गिरणी संप. विद्यार्थी अख्खं इंग्रजी शीर्षक ‘मुंबई’सकट गुगलमध्ये ओततो. चार बातम्या हाती लागतात. लगेच पहिल्या प्रकरणाचं पहिलं वाक्य तयार : ‘या विषयावर आजवर फारसे संशोधन झालेले नाही.’ झालंय हो, ढिगाने झालंय, पण ‘बॉम्बे’ या नावाखाली. शहराचं नाव बदललं 1995 साली. त्याआधीच्या अभ्यासकांना तुमचा कीवर्ड स्वप्नात दिसला नव्हता.

बरं, संपाचे नेते ‘दत्ता सामंत’, एवढं सगळ्यांनाच सुचतं. पण ‘बदली कामगार’, ‘राष्ट्रीय मिल मजदूर संघ’, त्या संघाला गिरण्यांत एकमेव मान्यता टिकवून देणारा 1946चा औद्योगिक संबंध कायदा, हे शब्द सर्चबॉक्स आपणहून थोडाच सुचवणार? त्यासाठी एखादं जाडजूड पुस्तक, निदान त्याची शब्दसूची चाळावी लागते. आणि विश्वकोश उघडायचा म्हणजे कमीपणा. तो शाळकरी पोरांसाठी!

त्यापेक्षा प्रबंधांचं ऑनलाइन भांडार असलेली शोधगंगा बरी. तिथल्या एका प्रबंधाची संदर्भसूची जशीच्या तशी उचलली जाते, संकेतस्थळ पाहिल्याच्या तारखांसकट. तारखा अशा, की तेव्हा आमचे संशोधक दहावीच्या क्लासला जात होते.