भात टाकू का?

गावी जायला आमच्याकडे दोन गाड्या आहेत. त्यांची खरी नावं सांगत नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा त्यांच्यातूनच जायचंय. घरात आम्ही एकीला थोरली म्हणतो, दुसरीला धाकटी. थोरली पॅसेंजर. सकाळी दिव्याहून निघते आणि पेणपासून पुढे प्रत्येक स्टेशनची विचारपूस करत जाते. धाकटी एक्सप्रेस. तिला आरक्षण लागतं, एसीचा डबा असतो, आणि लहान स्टेशनांवरून ती पदर सावरून निघून जाते.

आमचं गाव लांजा तालुक्यात, आडवली स्टेशनपासून रिक्षाने वीस मिनिटांवर. थोरली आडवलीला थांबते, धाकटी थांबत नाही. तिच्यातून रत्नागिरीला उतरायचं, मग हातखंबा, पाली करत एसटीने लांजा आणि तिथून पुढे रिक्षा. म्हणजे धाकटीने वाचवलेले दोन तास एसटीच्या फलाटावर सुट्टे करून द्यायचे. कुठली गाडी बरी, हा हिशेब आमच्याकडे वीस वर्षं चालू आहे.

मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. हिशेब लागत नाही म्हटल्यावर वही घातली. रकाने आखले: सुटायची वेळ, पोचायची वेळ, बसायला मिळालं का, पंखा फिरत होता का. बायकोने शेवटी आपला एक रकाना वाढवला: ‘संडासात पाणी कुठपर्यंत’. तिच्या नोंदी स्टेशनच्या नावाने असत. ‘माणगाव’, ‘रोहा’. एकदा नुसतंच ‘दिवा’.

दोन वर्षं वही भरली आणि पहिला साक्षात्कार झाला तो असा, की धाकटी वेळेवर पोचते. फक्त मी वेळेवर पोचत नाही. वेळापत्रक करणारी माणसं शहाणी असतात. शेवटच्या स्टेशनाच्या आधी ती थोडा जास्तीचा वेळ मुरवून ठेवतात, गृहिणी डब्याच्या तळाशी नोटा ठेवते तसा. गाडी वाटेत तासभर रेंगाळली तरी शेवटी तो वेळ काढून दिला की काम भागलं. शेवटच्या स्टेशनावर उतरणारा घड्याळ बघून म्हणतो, “वा, वेळेत!” आम्ही मधली माणसं. आमच्या स्टेशनावर गाडी वेळ कमावत नाही, नुसती उधळते.

बरं, उशीर होतो तो कुणाच्या आळसाने नाही. कोकणातला हा मार्ग 1998 साली पुरा झाला तो एकेरी. रोहा ते वीर एवढा तुकडा 2021 साली दुहेरी झाला, पुढे बहुतेक सगळी एकच वाट. समोरून गाडी आली की कुणीतरी स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर जाऊन उभं राहायचं. ह्याला क्रॉसिंग म्हणतात. कोण उभं राहणार, ते मानपानावर ठरतं. लांब पल्ल्याच्या मानकरी गाड्या आधी, मग आमच्या धाकटीसारख्या, आणि सगळ्यांच्या शेवटी थोरली. लग्नात पंगतीमागून पंगती उठाव्यात आणि घरच्या थोरल्या जावेने वाढतच राहावं, तशी ती बिचारी बाजूला उभी असते.

एकदा संगमेश्वराला अशीच उभी होती. अर्धा तास झाला, सिग्नल लाल. शेवटी समोरून लांबलचक काहीतरी आलं आणि सगळा डबा खिडकीशी धावला. आलं काय, तर ट्रक! उघड्या वाघिणींवर एकामागून एक मालाचे ट्रक चढवलेले. ही रो-रो सेवा 1999 पासून आहे, ट्रक रेल्वेने जातात आणि घाटाचं डिझेल वाचतं, हे सगळं मला वाचून ठाऊक होतं. तरीही एका केबिनमध्ये स्टिअरिंगवर पाय टाकून आडवा झालेला ड्रायव्हर आमच्याकडे बघून हात हलवत गेला, तेव्हा मनाला लागलं. आयुष्यभर ज्यांना साइड दिली नाही, ते रुळावर येऊन साइड घेऊन गेले.

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक असतं. दरडींच्या भीतीने गाड्या हळू हाकतात, आणि त्या हळूपणाची वेळ रीतसर छापलेली असते. वर्षभर ज्याला उशीर म्हणायचं, त्याला चार महिने हुद्दा मिळतो. वहीत त्या महिन्यांत थोरली चक्क वेळेवर निघाली. मी ती पानं वेगळी शाई वापरून लिहिली आहेत.

आता सोय. धाकटीत गादी मऊ, काच बंद, आणि माणसंही बंद. समोरचा कानात बोंडं घालून बसतो. त्याच्या मांडीवरच्या मोबाईलमध्ये एक सिनेमा आणि माझ्या मांडीवर त्याची बॅग. चिपळूण आलं हे पडदा सारून बघावं लागतं. थोरलीत जागा मिळवण्यापासून सुरुवात. दिव्याला गाडी थांबते न थांबते तोच खिडकीतून रुमाल, पिशव्या, आणि एकदा माझ्यादेखत एक चार वर्षांचं पोर आत गेलं. पोराने दोन्ही हात पसरून अख्खं बाकडं धरून ठेवलं होतं. तिघांच्या जागेत चौथा बसणं हा आम्हा डोंबिवलीकरांचा जन्मसिद्ध हक्क. अर्धं बूड टेकलं की पेणपर्यंत पाऊण होतं, आणि माणगावला उतरणारी मंडळी उतरली की पूर्ण.

ह्या सगळ्या तुलनेत आईचा सहभाग एकाच प्रश्नापुरता. ती गावी असते. दुपारी फोन येतो, “कुठवर आलास? भात टाकू का?” कशेडीच्या घाटात रात्रभर एसटीच्या खिडकीतून ओकत गेलेल्या पिढीतली ती, तिला तासा-दीड तासाच्या उशिराचं काही वाटत नाही. भाताचं वाटतं. मी मोबाईलवरच्या ॲपमध्ये बघून सांगायला लागलो की म्हणते, “ते त्यातलं नको सांगूस. खिडकीतून काय दिसतंय ते सांग.”

गेल्या मे महिन्यात थोरलीने निघालो होतो. समोर एक बाई बसल्या होत्या, मांडीवर पानाच्या द्रोणात करवंदं. खेडपासून त्या शेजारणीला एका स्थळाची हकीकत सांगत होत्या. मुलगा पुतण्या, मुलगी खेर्डीची. चिपळूण ते सावर्डे मुलीचं शिक्षण झालं, आरवलीपर्यंत तिच्या भावांचे धंदे. संगमेश्वराला क्रॉसिंग पडलं, त्यात मामाकडची सगळी मंडळी उरकली. उक्शी सोडेस्तोवर आमच्या खणातले आठही जण त्या लग्नात गुंतले होते. एका म्हाताऱ्याने तर पत्रिका जुळते का, हेही मध्येच विचारून घेतलं.

बाई करवंद तोंडात टाकत म्हणाल्या, “मुलगी सगळ्या बाबतीत चांगली. फक्त –”

आणि करबुड्याचा बोगदा आला.

6.5 किलोमीटरचा बोगदा. उघड्या खिडक्या, आत तो धडधडाट. स्वतःचा खोकला स्वतःला ऐकू येत नाही. पिवळ्या दिव्यात बाईंचे ओठ हलताना दिसत होते. हाताने त्या काहीतरी उंचीचं दाखवत होत्या, की लांबीचं? शेजारीण कपाळाला हात लावत होती. म्हातारा पुढे वाकला होता, कानाशी पंजा धरून. मी सुद्धा वाकलो होतो, कबूल करतो.

उजेड आला, आवाज ओसरला. बाई शांतपणे म्हणाल्या, “…तर आम्ही कळवून टाकलं, नाही म्हणून.” भोके आलं. पिशवी उचलून त्या उतरल्या. शेजारीणही त्यांच्याच बरोबरची निघाली. डब्यात सहाजण एकमेकांकडे बघत राहिलो.

रत्नागिरी सोडली तेव्हा आईचा फोन आला. भात टाकू का? टाक म्हटलं, आणि राहवेना म्हणून सगळी गोष्ट सांगितली, खेडपासून. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही.

“फक्त काय?”

“बोगदा होता गं.”

“मग बाहेर आल्यावर विचारायचं नाही?”

“उतरल्या त्या, भोक्याला.”

पलीकडे बराच वेळ नुसती चूल फुंकल्याचा आवाज.

“पुढच्या खेपेला ह्याच गाडीने ये,” आई म्हणाली.