न शिकलेल्या मध्यस्थांचे ऋण

वाशिम जिल्ह्यात आज कशाचे प्रशिक्षण मिळत नाही? शेळीपालनाचे मिळते, शिवणकामाचे मिळते, बीजप्रक्रियेचे मिळते, फवारणी करताना तोंडाला काय बांधावे याचेही मिळते. ट्रॅक्टर चालवायला परवाना लागतो. अशा या शिकवण्या-शिकण्याच्या काळात एक सार्वजनिक काम मात्र आपण निष्ठेने शिक्षणाच्या वाऱ्यापासून दूर ठेवले आहे. ते काम म्हणजे भांडणाऱ्या दोन माणसांच्या मध्ये बसणे. त्याला ना वर्ग, ना सराव, ना परीक्षा. वय झालेले असावे, आवाज भरदार असावा आणि दोन्हीकडच्या सोयरिकीत आपले कुणी ना कुणी असावे, एवढी पात्रता पुरते. या शहाणपणाचे जाहीर कौतुक अजून कुणी केलेले नाही. ते व्हायला हवे.

१५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गृहखाते तेव्हा आर. आर. पाटील यांच्याकडे होते. गावातले भांडण पोलीस ठाण्याची पायरी चढण्याआधी गावातच मिटावे, हा हेतू नेक होता आणि आजही आहे. गावोगाव समित्या झाल्या. त्यांत सरपंच आले, पोलीस पाटील आले, तलाठी, ग्रामसेवक, बीटचा हवालदार आले, प्रतिष्ठित नागरिक आले, महिलाही आल्या. समितीला अधिकार मिळाला, मान मिळाला, नोंदवही मिळाली. भांडण कसे ऐकावे, हे शिकणे मात्र ज्याच्या त्याच्या अनुभवावर सोडून दिले गेले. नागरिकांवर एवढा विश्वास टाकणारे शासन विरळाच.

समितीच्या अध्यक्षाची निवड ग्रामसभेत होते, आणि ती पद्धत तर आदर्श मानावी अशी आहे. दर ऑगस्टमध्ये राज्याच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून बातमी येते : तंटामुक्ती अध्यक्षपदावरून ग्रामसभेत हाणामारी. अजाण वाचक हसतो. जाणत्याला त्यात उमेदवारांची तळमळ दिसते. ज्याला वर्षभर लोकांची भांडणे मिटवायची आहेत, त्याने पहिल्याच दिवशी एक भांडण स्वतः लावून, लढून आणि जिंकून दाखवले, तर त्याच्या पात्रतेबद्दल गावाला शंका उरत नाही. हरलेला गट पुढचे वर्षभर समितीपुढे पाऊल टाकत नाही, त्यामुळे समितीवरचा कामाचा भारही हलका होतो.

मोहिमेत तंट्यांची दिवाणी, महसुली, फौजदारी आणि इतर अशी वर्गवारी होती. किती नोंदले, किती मिटवले, याला गुण होते आणि लोकसंख्येच्या प्रमाणात गावाला लाखांतले बक्षीस होते. शांततेला गुण देता येतात ही कल्पनाच किती दिलासा देणारी आहे! मिटलेला तंटा आणि मिटला म्हणून लिहिलेला तंटा नोंदवहीत एकाच रकान्यात बसतात आणि दोघांना सारखाच मान मिळतो. अशी समता आपल्याकडे दुसरीकडे फारशी आढळत नाही. पुढे बक्षिसांचा ओघ आटला, तसा कित्येक गावांतला उत्साहही आटला. कामाचे मोल ओळखणाऱ्या समाजात असेच व्हायचे.

पण या व्यवस्थेचे खरे तेज पाहायचे असेल तर मृग बरसल्यावर धुऱ्यावर यावे. दोन भावांची वावरे लागून असतात. मधला धुरा बापाच्या काळी चांगला हातभर रुंद होता. दर हंगामात वखराचा एखादा फेरा त्यात शिरतो, कधी याच्या बाजूने, कधी त्याच्या. दहा-पंधरा वर्षांनी धुरा बोटभर उरतो, आणि एका सकाळी सोयाबीन पेरायला आलेल्या ट्रॅक्टरपुढे धाकटा आडवा उभा राहतो. मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात पडतो. मोजणी होऊन हद्द कायम झाली, तरी एकाला खुणा मान्य नसतात. मग पांदण अडते, थोरल्याची बैलगाडी धाकट्याच्या वावरातून जाईनाशी होते आणि प्रकरण रस्त्यासाठी तहसीलदारांकडे जाते. त्यासाठी मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ सालापासून सज्ज आहे. एका हातभर मातीने तीन कार्यालये आणि दोन वकील गुंतवून ठेवावेत, ही आपल्या कोरडवाहू जमिनीची दुर्लक्षित उत्पादकता आहे.

अशा वेळी गावातला न शिकलेला मध्यस्थ किती झटपट काम करतो ते पाहावे. तो पारावर दोघांना बोलावतो. थोरल्याला म्हणतो, "तू मोठा हायेस, तुले समजाले पायजे." धाकट्याला म्हणतो, "तू लहान हायेस, तू आयकाले पायजे." या दोन वाक्यांत दोघांचेही तोंड बंद होते. मग तो वादातल्या पट्टीचे दोन भाग करतो, दोघांना चहा पाजतो आणि संध्याकाळपर्यंत नोंदवहीत सह्या होतात. भांडण कशाचे होते, हे विचारण्यात त्याने एक मिनिटही घालवलेले नसते.

प्रशिक्षित माणूस असता तर त्याने हा वेळ नक्की घालवला असता. आधी दोघांना वेगवेगळे ऐकले असते. मग कदाचित बाहेर आले असते की धुरा हे निमित्त आहे. बापाच्या शेवटच्या आजारपणात अकोल्याच्या दवाखान्याचा खर्च एकट्या थोरल्याने केला आणि त्याचे नाव कुणी काढले नाही, हे त्याचे दुखणे. वाटणीत विहीर थोरल्याकडे गेली आणि पाण्याच्या पाळ्या कधीच पाळल्या गेल्या नाहीत, हे धाकट्याचे. आणि बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेतली तेव्हा तिला नीट विचारले नाही, हे दोघांनाही टोचणारे. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, हेही मग कुणाच्या तरी तोंडून निघाले असते. एवढ्या खोल विहिरीत उतरण्यापेक्षा वर झाकण टाकणे सोयीचे. झाकण पुढच्या पेरणीपर्यंत टिकते, आणि पुढची पेरणी पुढच्या अध्यक्षाच्या काळात येते.

हे प्रशिक्षण असते तरी काय, हेही आपण समजून घेऊ, म्हणजे कशापासून आपला बचाव झाला आहे ते कळेल. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मध्यस्थी आणि समेटासाठी एक समिती नेमली. तिने मध्यस्थांसाठी ४० तासांचा अभ्यासक्रम आखला. त्यानंतर अनुभवी माणसाच्या सोबतीने प्रत्यक्ष प्रकरणेही हाताळावी लागतात. ४० तासांत शिकवतात काय, तर न तोडता ऐकणे. ऐकलेले बोलणाऱ्याला त्याच्याच शब्दांत परत सांगणे आणि "बरोबर समजलो का?" असे विचारणे. रागाच्या वाक्यातून गरज वेगळी काढणे. एकाने खासगीत सांगितलेले दुसऱ्याच्या कानावर न जाऊ देणे. आणि सर्वांत कठीण म्हणजे स्वतः निवाडा न देणे. वाट त्या दोघांनाच शोधू देणे.

यातली एकेक गोष्ट आपल्या गावगाड्याला किती घातक आहे! गुप्तता पाळायची म्हटली तर एसटी स्टँडवरच्या हॉटेलात दुपारी बोलायचे काय? निवाडा द्यायचाच नाही तर अध्यक्ष झाल्याचा उपयोग काय? आणि "बरोबर समजलो का?" असे चारचौघांत विचारणाऱ्या पुढाऱ्याला पुढच्या निवडणुकीत मत कोण देणार? ४० तास गप्प राहून ऐकायला शिकलेला माणूस गावात परतला, तर लोकांना वाटेल की हा आजारी आहे.

प्रशिक्षणाचा आणखी एक धोका आहे, आणि त्याबद्दल बोलताना कुणी आवाज खाली करू नये. कोणता तंटा मिटवायचा नाही, हेही तिथे शिकवतात. नवऱ्याने मारले म्हणून एखादी बाई समितीपुढे आली, तर तो दोन सारख्या पक्षांचा वाद नसतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानुसार तिला संरक्षण अधिकाऱ्याकडे पोचवणे हे पहिले काम. जातीवरून शिवीगाळ झाली, मारहाण झाली, तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालचा गुन्हा पारावरच्या तडजोडीने मिटत नाही. आपल्याकडे मात्र उदार मनाने सर्वांना एकच न्याय लावला जातो. बाईला सांगतात, "पोरायच्या तोंडाकडं पाय अन् घरी जाय." दलित वस्तीतल्या तरुणाला सांगतात, "गावात राहाचं हाये ना तुले?" तो तंटा मिटलेल्यांच्या रकान्यात जातो आणि गाव तंटामुक्त होते. ज्यांच्या पाठीवर आणि पोटावर ही शांतता उभी राहते, त्यांचे नाव कुठल्याही सन्मानचिन्हावर कोरलेले नसते. वास्तविक ते पहिल्या ओळीत असायला हवे.

ज्यांच्या नावाने ही मोहीम चालते त्यांचेही उदाहरण कधीतरी तपासावे. बॅरिस्टर गांधी १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या दाव्यासाठी दक्षिण आफ्रिकेत गेले. प्रतिपक्ष तय्यब शेट, दादा अब्दुल्लांचे नातलग आणि त्याच गावचे. दावा ४०,००० पौंडांचा. तरुण गांधींनी महिनोन्‌महिने हिशेबाच्या वह्या वाचल्या, गुजराती पत्रव्यवहाराचे भाषांतर केले, दोन्ही बाजू समजून घेतल्या आणि मग दोघांना लवादापुढे बसायला राजी केले. निकाल अशिलाच्या बाजूने लागला, सुमारे ३७,००० पौंड आणि खर्च. एवढ्यावर कुणीही सत्काराचा नारळ स्वीकारला असता. गांधी पुन्हा कामाला लागले, कारण ती रक्कम एकदम भरली असती तर तय्यब शेट बुडाले असते. जिंकलेल्या माणसाला लांबलचक हप्ते मान्य करायला लावणे, हे त्यांना लवादापेक्षाही जड गेले. आपल्या समितीत ते असते तर एवढा वेळ खाल्ल्याबद्दल गुण कापले गेले असते. त्यांचा फोटो आपण भिंतीवर बराच उंच लावतो, ते योग्यच आहे. तिथून त्यांना नोंदवही वाचता येत नाही.

वाद टिकवण्याची आपली ताकद पाहायची तर मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैनला जावे. अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता उभी आहे, ही भाविकांची श्रद्धा. तिथे दिगंबर आणि श्वेतांबर या दोन पंथांच्या जाणत्यांनी १९०५ मध्ये एकत्र बसून पूजेच्या वेळा वाटून घेतल्या होत्या. म्हणजे तोडगा हाती होता, आणि तो त्यांचा त्यांनी काढलेला होता. पण करार टिकवणे हे करार करण्याइतकेच कसबाचे काम. १९१० मध्ये दावा अकोल्यात दाखल झाला, नागपूरमार्गे चढत गेला आणि १९२९ मध्ये त्याचा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने दिला. वाद तरीही उरला. १९८१ पासून चार दशके मंदिराला कुलूप राहिले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते उघडले, आणि काही दिवसांतच आवारात पुन्हा धक्काबुक्की झाली. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या दोन श्रद्धावंत समाजांत कोण बरोबर, हे मी ठरवणार नाही. त्या कुलुपाबाहेरून चार दशके अर्धवट दर्शन घेऊन परतलेल्या म्हाताऱ्या माणसांना मात्र, आपण प्रशिक्षित मध्यस्थांवर वेळ आणि पैसा वाया घालवला नाही, हे कुणीतरी समजावून सांगायला हवे.

आता शासनानेच काही अडचणी उभ्या केल्या आहेत. जानेवारी २०२३ च्या सलोखा योजनेत, ज्यांची शेती चुकून एकमेकांच्या ताब्यात आहे आणि ताबा किमान बारा वर्षांचा आहे, त्यांना अदलाबदलीचा दस्त करता येतो. मुद्रांक शुल्क १,००० रुपये आणि नोंदणी शुल्क १,००० रुपये. दोन हजारांत पिढीजात भांडण संपते, ही बातमी पसरली तर तालुक्याच्या अर्थव्यवस्थेचे काय, याचा विचार झालेला दिसत नाही. त्याच वर्षी संसदेने मध्यस्थी कायदा केला. त्यात सामुदायिक मध्यस्थीचे वेगळे प्रकरण आहे : परिसराची शांतता बिघडवू शकणारा वाद, दोन्ही पक्षांची आधी संमती आणि तीन मध्यस्थांचे मंडळ. आधी संमती! पारावर माणसे बोलावून आणायची, की येता का म्हणून विचारायचे?

तरीही वरून आदेश आला आणि वर्ग घ्यावाच लागला, तर घाबरून जाऊ नये. तो तालुक्याच्या सभागृहात घ्यावा आणि एका दिवसाचा ठेवावा. सकाळी दीपप्रज्वलन, मान्यवरांचे सत्कार, प्रास्ताविक आणि सहा मनोगते झाली की एक वाजतो. जेवणानंतर उपस्थितीच्या सह्या आणि प्रमाणपत्रे. ऐकण्याचे महत्त्व या विषयावर वक्त्यांनी सलग दीड तास बोलावे, आणि कुणाही पोलीस पाटलाला, आशाताईला किंवा बचत गटाच्या अध्यक्षेला आपल्या गावातले खरे भांडण मांडू देऊ नये. कारण त्यांतली एखादी उठून म्हणेल की आमच्या गावात दोन जावा नळावर सात वर्षे बोलल्या नव्हत्या, मी दोघींच्या घरी पाच-सहा वेळा जाऊन नुसती बसले, आता एकीची पोर दुसरीच्या घरी अभ्यासाला जाते. सभागृह शांत होईल, लोक वह्या उघडतील, आणि प्रास्ताविकाकडे कुणाचे लक्ष राहणार नाही. तिचे नाव वक्त्यांच्या यादीत कधी नव्हतेच. पुढच्या वर्षीच्या निमंत्रितांच्या यादीतूनही ते वेळीच काढून टाकावे.