टाळूवरची टर्की

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, मिसुरी किंवा टेनेसीतल्या एखाद्या लहानशा गावात नोकरीनिमित्त जाऊन पडलेल्या मराठी माणसाला हा शेजारी हमखास मिळतो. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, दाढी भरघोस, गाडी उंच आणि बोलणं अगदी मोजकं. सकाळी ‘मॉर्निंग’ म्हटलं की त्याचा दिवसाचा शिधा संपला. पण फेब्रुवारी सरत आला की त्याच्या गराजमधून असे काही आवाज यायला लागतात, की नव्या बिऱ्हाडकरूला पोलिसांना बोलवावं की गुरांच्या डॉक्टरला, हेच कळत नाही. जुने शेजारी शांत असतात. त्यांना ठाऊक असतं, की यंदा हा रानटर्कीला बोलवायची तोंडातली शिटी शिकतोय.

रानटर्कीची वसंतातली शिकार बहुतेक ठिकाणी फक्त नराची असते. त्या नराची नजर भलतीच तिखट. त्याच्या मागे जाऊन तो सापडत नाही. झाडाला पाठ टेकून बसायचं, मादीचा आवाज काढायचा आणि त्यालाच आपल्याकडे आणायचं. त्यासाठी सोपी साधनं आहेत. एक लाकडी पेटी आहे, जिचं पेटंट आर्कान्सामधल्या हेन्री गिब्सनने 1897 सालीच घेतलं. काडीने घासून वाजवायची पाटी आहे. दोन्हींमधून शाळकरी पोरालाही बरा आवाज काढता येतो. पण त्यांना हात हलवावा लागतो, आणि हात हलला की टर्की पसार. तोंडातल्या शिटीला हात लागत नाही. एवढं एकच कारण आमच्या गृहस्थाला पुरतं. शिवाय सोपं ते करायचं कशाला, हा त्याचा मूळ स्वभाव.

शिटी दिसायला अगदी गरीब. ॲल्युमिनियमची अर्धगोल चौकट, तिच्यावर ताणून बसवलेले लेटेक्सचे एक, दोन किंवा तीन पातळ पडदे आणि भोवती चिकटपट्टीची झालर. ती टाळूला चिकटवायची, जिभेने खालून दाबायची आणि छातीतून हवा सोडायची. पहिल्या दिवशी हवेच्या ऐवजी दुसरंच काही वर येतं. मग तो मोरीपाशी उभा राहून कात्रीने झालर कापतो, पुन्हा लावतो, पुन्हा ओकारी देतो. झालर जास्त कापली गेली की शिटी घशाकडे घरंगळते, आणि घरात एकच धावपळ उडते. हे पार पडलं की नुसती थुंकी उडण्याचे दिवस येतात. जाणकार सांगतात, ‘चॉप’ म्हटल्यासारखं कर. तो गाडी चालवताना ‘चॉप, चॉप’ करतो, सिग्नलला थांबून ‘चॉप, चॉप’ करतो. शेजारच्या गाडीतली बाई काच वर करून घेते.

आणि एका संध्याकाळी, चुकून, आवाज निघतो. घरातला कुत्रा पलंगाखाली जातो. गृहस्थ मात्र उजळतो.

इथून पुढे त्याचं शब्दभांडार वाढत जातं. मादीचा ‘येल्प’ म्हणजे मी इथे आहे. ‘क्लक’ म्हणजे एक तुटक हुंकार. ‘पर’ म्हणजे पोटभर दाणे टिपतानाची समाधानाची गुरगुर. पहाटे झाडावरून उतरतानाची लगबग वेगळी, चुकलेल्या पिलाची ‘की-की’ वेगळी. बायकोने विचारलं, विजेचं बिल भरलंत का, तर हा ‘म्म्’ म्हणतो; आणि तो ‘म्म्’सुद्धा उत्तर होतं की सराव, याची तिला खात्री नसते. पंचवीस वर्षांच्या संसारात जिला याच्या मनातलं कधी कळलं नाही, ती आता बघते, की टर्कीच्या मादीच्या मनातलं सगळं याला कळतं.

फ्रिजमध्ये लोण्याच्या कप्प्यात लोणी राहत नाही. तिथे शिट्यांची डबी असते, कारण रबर थंडाव्यात टिकतं. पडदे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये टूथपिकचे तुकडे. एक शिटी आठ-दहा डॉलरची; म्हणून तो वीस घेतो. पडद्याच्या काटछाटीप्रमाणे नावं निराळी, ‘घोस्ट कट’, ‘बॅट विंग’. आणि दोष नेहमी शिटीत असतो.

एक येल्प जमला की तो समीक्षक होतो. रानटर्कीसाठी 1973 साली स्थापन झालेली एक राष्ट्रीय संस्था आहे. तिच्या नॅशव्हिलच्या अधिवेशनात आवाज काढण्याच्या मोठ्या स्पर्धा होतात. त्यांची चित्रफीत बघताना हा मान हलवून म्हणतो, “दुसऱ्या स्वराला जरा घसरला.” सवाई गंधर्व महोत्सवात मागच्या रांगेत बसून बुवांचा निषाद तपासणारे आपल्याकडचे जाणकार याचेच चुलतभाऊ.

मराठी शेजाऱ्याला शिकारीचं मुळातच वावडं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वाढलेला तो बिचकत विचारतो, हे बरं का? त्यावर या अबोल माणसाच्या तोंडाला पाझर फुटतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जंगलतोड आणि बेसुमार हत्येने कितीतरी राज्यांतून टर्की नाहीशी झाली होती. मग 1937 च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखला गेला, रानातले पक्षी जाळ्यात धरून ओसाड रानांत नेऊन सोडले, आणि आज त्यांची संख्या लाखांत आहे. शिकाऱ्याच्या खिशातूनच शिकार वाचली, असं तो छाती काढून सांगतो. लांब बंदुकीवर हा कर 11 टक्के आहे. शिटीवर मात्र काहीच नाही, एवढीच गल्लीची तक्रार.

अखेर ती पहाट येते. अंगभर रानाच्या रंगाचे कपडे. लाल, पांढरा, निळा रंग कुठे दिसता कामा नये. नर टर्कीचं डोकं याच रंगांचं असतं, आणि रानात दुसराही कुणी बंदूकवाला असतो. अंधारात घुबड घुमतं आणि झाडावरचा नर त्याला चिडून ओरडतो. गृहस्थ हळूच येल्प देतो. नर उत्तर देतो! हा पुन्हा देतो. तो पुन्हा. आयुष्यात याच्याशी इतका वेळ कुणी बोललेलंच नसतं. हा क्लक करतो, पर करतो, शिकला ते सगळं ओततो.

आणि नर जागचा हलत नाही. निसर्गाचा रिवाज असा, की नराने पिसारा फुलवून उभं राहायचं आणि मादीने त्याच्याकडे जायचं. बोलावणाऱ्याला हा रिवाज उलटा करायचा असतो, म्हणजे अधूनमधून गप्प राहून त्याला अस्वस्थ करायचं असतं. इतकी बडबड करणारी मादी आपण होऊन येणारच, असं समजून नर निवांत उभा राहतो. तेवढ्यात झुडपातून एक खरी मादी येते. तिचा आवाज फाटका, बेताल. नॅशव्हिलला पहिल्याच फेरीत बाद झाली असती. ती दोनदा ओरडते, पुढे चालू लागते, आणि नर तिच्यामागे निघून जातो.

गृहस्थ घरी येऊन सांगतो, “आवाज अजून बसला नाही.” आवाज चांगला बसलेला असतो. घरात जो बोलत नाही तो रानात फार बोलला, एवढंच झालेलं असतं. पण हे त्याला सांगण्यात अर्थ नाही; तो एकविसावी शिटी मागवतो.

माणूस लाखात एक. हिवाळ्यात तुमच्याही दारातला बर्फ न सांगता उपसून देईल. त्याच्याशी मैत्री जरूर करावी. फक्त मार्च-एप्रिलमध्ये त्याच्या गाडीतून लांबचा प्रवास करू नये.