चित्रकार अजून जन्मायचे आहेत

नानामामा दर संक्रांतीला जयपूरला आमच्याकडे येतात. सोबत तिळगूळ, कानटोपी आणि चौदा वह्या. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी रामगोपाल विजयवर्गीय या आधुनिक चित्रकाराचं 'जीवन आणि कार्य' हाती घेतलं, त्याला नऊ वर्षं झाली.

विजयवर्गीय १९०५ सालचे, सवाई माधोपूरकडच्या बालेर गावचे. मेघदूत रंगवलं, कथा-कविता लिहिल्या, १९८४ साली पद्मश्री, २००३ मध्ये गेले. मजकुराला तोटा नाही. पण मामांचं म्हणणं, पूर्वपीठिका पक्की हवी. म्हणून सवाई जयसिंहांनी शहर वसवलं तिथून, म्हणजे १७२७ पासून ते निघाले.

तीन वर्षं रस्त्यांची रुंदी मोजण्यात गेली. चौथ्या वर्षी १८७६ आलं, शहर गुलाबी झालं. त्या हिवाळ्यात मामांनी जोहरी बाजारात गळून पडलेला भिंतीचा एक पोपडा आणला, ताटाच्या कडेला मिठाशेजारी ठेवला आणि भिंगातून थर मोजू लागले. गुलाबी, खाली पुन्हा गुलाबी, खाली चुना.

"मामा, आमटी निवतेय."

"सूनबाई, हा पुरावा आहे."

पुढं दोन वर्षं ते अल्बर्ट हॉलच्या पायऱ्यांवर होते. ही दारातच विचारायची, "काय मामा, झालं का बाळ?" मामा चपला काढत गंभीरपणे सांगायचे, "अजून अवकाश आहे. सध्या १८८७."

एकदा मीच किशनपोल बाजारातल्या एका गृहस्थांकडे त्यांना नेलं. विजयवर्गीयांच्या हाताखाली शिकलेले, वय नव्वद. चहा येण्याआधीच ते रंगात आले, "मास्टरसाब जब ब्रश उठाते थे..." मामांनी हात वर केला. "ठहरिए. आप चौथे खंड में हैं." आणि त्यांच्याकडून त्यांच्या आजोबांचं नाव तेवढं लिहून घेतलं.

यंदा मामा रिक्षातून उतरतानाच ओरडले, "जन्मले!" हिनं शिरा केला. मामांनी दोनदा घेतला, तोंड पुसलं आणि विचारलं, "हावड्याची गाडी किती वाजता?"

"आता कशाला?"

"१९०५ सालीच अवनींद्रनाथांनी भारतमाता रंगवली. यांचे गुरू शैलेंद्रनाथ डे त्यांचेच शिष्य. तिकडची पूर्वपीठिका नको?" पंधरावी वही उघडून त्यांनी वर तारीख घातली. "कलकत्ता वसलं १६९० ला. तिथून सुरू करतो."