बफरशेठ

दादर-परळच्या कुठल्याही सायकल ग्रुपमध्ये एक बफरशेठ असतोच. वय पन्नाशीच्या आसपास. नोकरी बँकेत, विमा कंपनीत नाहीतर महापालिकेत. पोटऱ्या लोखंडी, पोट मात्र कुटुंबवत्सल. राहणार गिरगावात, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर. रविवारी पहाटे साडेचारला सायकल खांद्यावर घेऊन तो लाकडी जिना उतरतो, तेव्हा अख्ख्या मजल्याला कळतं की शेठ निघाले.

निघाले म्हणजे ब्रेवेला. २०० किलोमीटर, मुदत १३ तास ३० मिनिटं. नियम १९०४ साली स्थापन झालेल्या पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबचे, इथला कारभार ऑडॅक्स इंडिया रँडोनर्सकडे. ही शर्यत नव्हे. पहिला-दुसरा नंबर नाही, बक्षीस नाही. मुदतीत पोचला तो पास. ताशी १५ च्या वर जितकं चालवाल तितकी मिनिटं गाठीला राहतात. या शिलकीला सायकलवाले ‘बफर’ म्हणतात, आणि शेठ आयुष्यभर दुसऱ्यांच्या ठेवी सांभाळून आता स्वतःची सांभाळतो आहे.

त्याचा जोडीदार लालबागचा, पंचविशीतला, दर रविवारी पाय शिवशिवणारा. सी लिंकवर सायकलला बंदी, कोस्टल रोडवर बंदी, ईस्टर्न फ्रीवेवर बंदी. तेव्हा दोघं दादरच्या फुलबाजारातल्या टोपल्या चुकवत शीव, मुलुंड करत ठाणं गाठतात.

“काका, जरा दाबू या का?”

“कशाला? तेवीस मिनिटं प्लस आहोत.”

शेठ हे पोराच्या मागच्या चाकाला चिकटून सांगत असतो. पुढचा वारा कापतो आणि मागच्याचे कष्ट वाचतात. टाइम ट्रायलमध्ये असं चिकटणाऱ्याला दंड होतो. ब्रेवेत मात्र चालतं, आणि हा नियम शेठला तोंडपाठ आहे. पाळीपाळीनं पुढे यायचं असतं हा रिवाज त्याला शहापूरच्या चढाला आठवतो. तिथे वेग इतका कमी असतो की वारा कापायला उरतच नाही.

चढावर शेठ इतिहास सांगतो. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट सगळ्यांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, हे त्यातलं पहिलं प्रकरण. दुसरं नाशिकच्या डॉक्टर महाजन बंधूंचं. २०१५ साली हितेंद्र आणि महेंद्र यांनी अमेरिका आडवी पार करणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रॅम’ नऊ दिवसांच्या आत पुरी केली. एक सायकलवर, तेव्हा दुसरा गाडीत विश्रांतीला. “याला म्हणतात जोडी!” शेठ धापा टाकत म्हणतो. आजच्या जोडीत विश्रांती कोणाच्या वाट्याला यावी, याबद्दल त्याच्या मनात संदेह नसतो.

पंक्चर झालं की पोरगा ट्यूब बदलतो आणि शेठ घड्याळ वाचतो.

साठवलेलं बफर उडवायची जागा ठरलेली: हायवेवरची मिसळ. “दोन मिनिटं थांबू” म्हणजे दोन प्लेट, जादा तर्री, वर ताक. शंभराव्या किलोमीटरचं कंट्रोल, म्हणजे हजेरीचा थांबा, ६ तास ४० मिनिटांनी बंद होतं, हे पोरगा दर पाच मिनिटांनी सांगतो. शेठ जादा पाव मागवतो. काही कंट्रोलवर शिक्का मारायला माणूस नसतो. तिथे एटीएमची पावती हाच पुरावा. शेठ शंभर रुपये काढतो आणि खात्यातली शिल्लक अंगठ्याखाली झाकून पावतीचा फोटो काढतो. वेळेची शिल्लक जगजाहीर, पैशाची नाही.

परतीला भिवंडीचे ट्रक, समोरून वारा. सहा वाजता बफर शून्यावर येतं. पोराला घाम फुटतो. शेठ मात्र आता खरा चालवायला लागतो, आणि पहिल्यांदाच पोराला त्याचं चाक धरून राहणं जड जातं. हे पाय सकाळपासून होते कुठे?

१३ तास २६ मिनिटं.

निकालाच्या त्याच यादीत साडेआठ तासांत पोचलेलाही असतो. कागद दोघांचा सारखाच. पदक हवं तर वेगळे पैसे भरायचे; शेठ भरतो आणि चाळीत ‘मिळालं’ म्हणून सांगतो.

पोराला आता ३०० खुणावतंय. २००, ३००, ४०० आणि ६०० एकाच हंगामात केले की ‘सुपर रँडोनर’ म्हणवता येतं. शेठ कुरकुरतो. हिशेब त्यानं केव्हाच मांडलाय: ताशी पंधराच्या दरानं २०० ला १३ तास २० मिनिटं लागतात, मुदत साडेतेरा, म्हणजे दहा मिनिटं फुकट. ३०० ला बरोबर वीस तास, मुदतही वीसच. एक मिनिट सूट नाही.

“त्यापेक्षा चारशे करू,” तो पोराला समजावतो. “तिथे वीस मिनिटं सोडलीत त्यांनी.”