पानं टाकावीत कशी

मांडवी नदीच्या पात्रात बसून थोडक्या पैशांचा पोकर खेळू इच्छिणाऱ्या सर्व सद्गृहस्थांसाठी ही मार्गदर्शिका लिहिली आहे, असे लेखकाने संपादकांना कळवले होते. खरे म्हणजे ती एकाच सद्गृहस्थासाठी आहे. हे गृहस्थ कोल्हापूरकडच्या एका साखर कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झाले. कोथिंबिरीची जुडी दहाची की पंधराची यावरून ते भाजीवालीशी पाच मिनिटे वाद घालतात आणि पोकरच्या टेबलावर कुणी हजार रुपये लावले, की ‘बघूया की तरी’ म्हणत हजार रुपये पुढे सरकवतात. ते लेखकाच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे अक्काचे यजमान. दाजींना तोंडावर शहाणपण शिकवायची लेखकाच्या घरात रीत नाही, म्हणून हा छापील मार्ग.

दाजींना या नादाला मोबाइलने लावले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तेव्हा त्यांचे ॲप एका दिवसात मुके झाले. आठवडाभर ते घरात येरझाऱ्या घालत होते. मग त्यांना ख्रिस मनीमेकरची गोष्ट सापडली. अमेरिकेतल्या टेनेसीचा हा २७ वर्षांचा हिशेबनीस. आडनाव खरोखरच मनीमेकर. ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून तो २००३ च्या जागतिक स्पर्धेत शिरला आणि ८३९ खेळाडूंत पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन घरी गेला. ‘हिशेबनीस हुता,’ दाजी म्हणाले आणि लेखकाकडे अशा नजरेने पाहिले, की त्याने गाडीची चावी शोधायला घेतली.

नियम १ : खेळण्याआधी आपण कुठे आहोत ते पाहावे.

महाराष्ट्रात गणपतीच्या जागरणाला मांडवामागे पत्ते पिसले तरी १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आठवावा लागतो. कॅसिनोला परवानगी देणारा कायदा याच राज्याने १९७६ साली केला होता. तो कधी अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द करायचे ठरले. गोव्याचा जुगारविषयक कायदाही १९७६ चाच. त्यात मात्र १९९२ साली पंचतारांकित हॉटेलांतली यंत्रे बसवली गेली आणि १९९६ साली पाण्यावरची टेबले. एकाच वर्षी जन्मलेल्या दोन भावंडांपैकी एक कपाटात राहिले, दुसरे बोटीवर चढले.

खेळाडूचे वय २१ पूर्ण हवे. गोव्याच्या रहिवाशांना २०२० पासून आत खेळायला मनाई आहे. त्यामुळे गोव्यातल्या पोकरच्या टेबलावर हैदराबाद, बेळगाव, सुरत, पुणे असा सगळा देश भेटतो, फक्त गोवा भेटत नाही.

पणजीच्या धक्क्यावरून छोटी बोट मोठ्या बोटीपर्यंत नेते. एकोणिसाव्या शतकात पोकर न्यू ऑर्लिन्सहून मिसिसिपीच्या वाफेच्या बोटींवर चढला आणि नदीकाठच्या गावोगावी पोचला. त्या बोटी निदान कुठेतरी जात. मांडवीतल्या बोटी नांगर टाकून उभ्या असतात. दाजींनी अर्धा तास वाट पाहून वेटरला विचारले, ‘ही सुटणार कधी?’

नियम २ : तीन पत्ती घरी ठेवून यावी.

सगळ्यात जास्त अपघात इथे होतात. तीन पत्तीत ज्याने पाने पाहिलेली नाहीत तो ‘ब्लाइंड’, आणि पाहिलेल्याच्या निम्मे पैसे भरून तो खेळात राहतो. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पाने वाटण्याआधी दोघांनी सक्तीने मांडायची रक्कम. ती पाळी टेबलाभोवती फिरत राहते. पाने मात्र खुशाल बघावीत. दाजींवर पहिल्यांदा मोठी ब्लाइंड आली तेव्हा त्यांनी दोनशे मांडले आणि हाताची घडी घातली. डीलर मुलगी म्हणाली, ‘सर, कार्ड्स.’ दाजी म्हणाले, ‘ब्लाइंड हाय.’ पुढच्याने सहाशे केले तेव्हा ‘म्हंजे आमचे तीनशे’ असा हिशेब त्यांनी मांडला. फ्लोअर मॅनेजरला बोलवावे लागले.

शेजाऱ्याकडे साइड शो मागू नये. हैदराबादच्या एका तरुणाने नुसता आदर म्हणून आपली पाने दाजींना दाखवायची तयारी केली होती. डीलरने वेळीच हात आडवा घातला.

‘पॅक’ म्हटलेले मात्र टेबलावर सगळ्यांना कळते. दाजींच्या तोंडून तो शब्द फारसा येत नाही, ही अडचण वेगळी.

राहिला कलर आणि सिक्वेन्सचा वाद. तीन पत्तीत सिक्वेन्स मोठा, पोकरमध्ये कलर मोठा, आणि यावर दाजींनी टेबल बंद पाडायचेच बाकी ठेवले होते. वास्तविक दोन्ही खेळांचे बरोबर आहे. तीन पानांचे एकूण २२,१०० हात होतात. त्यांत साधे सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणजे सिक्वेन्स दुर्मीळ. पाच पानांचे २५,९८,९६० हात होतात. त्यांत सिक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८, म्हणजे पारडे उलटे. लेखकाने हे कागदी रुमालावर मांडून दाखवले. दाजींनी बेरजा तपासल्या. मग म्हणाले, ‘म्हंजे घरी आमचं बरोबरच हुतं.’

नियम ३ : भडंग हॉटेलवर ठेवावे.

पत्त्यांना तेलाचा हात लागतो.

नियम ४ : गप्प बसण्याचेही भाडे असते.

१००-२०० च्या टेबलावर नऊ जण बसले आहेत असे धरावे. डीलर चपळ असेल तर तासाला २७ डाव होतात, म्हणजे ब्लाइंडच्या तीन फेऱ्या. दर फेरीला ३०० प्रमाणे एक पानही न खेळता तासाला ९०० रुपये जातात. शिवाय प्रत्येक मोठ्या डावातून बोट आपला वाटा काढते. तो ५ टक्के धरला तर ४,००० च्या डावात २०० झाले. बोट स्वतः एकही पान उचलत नाही. डावामागून डाव हरणारे बदलतात, वाटा काढणारा हात तोच असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅसिनोवरचा जीएसटीही २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. ही सगळी आकडेवारी दाजींना तोंडपाठ आहे. धक्क्यावर उभे राहून त्यांनी ती लेखकाला वीस मिनिटे ऐकवली आणि मग रांगेत पुढे जाऊन उभे राहिले.

नियम ५ : ‘बघूया की तरी’ या वाक्याची किंमत आधी काढावी.

मार्गदर्शिकेचा जीव या नियमात आहे.

मधे २,००० रुपये आहेत. समोरच्याने १,००० लावले, म्हणजे ३,००० झाले. खेळायचे तर आपले १,००० घालावे लागतील, म्हणजे ४,००० तल्या १,००० साठी आपला सौदा आहे. चारांतून एकदा जिंकत असू तर बरोबरी होते, त्याहून जास्त जिंकत असू तर फायदा. आता हातात दोन बदाम आहेत, टेबलावरच्या चार पानांत दोन बदाम आहेत आणि शेवटचे पान यायचे आहे. न दिसलेली पाने ४६ आणि उरलेले बदाम नऊ. म्हणजे पाचांतून जेमतेम एकदा. सौदा चारास एक, शक्यता पाचास एक. पुढे मोठी रक्कम मिळण्याची खात्री नसेल तर पाने टाकावीत.

या गणितात कोथिंबिरीच्या जुडीपेक्षा अवघड काही नाही. ज्या माणसाने कारखान्याचा ताळेबंद पैशाला पैसा जुळवला, त्याला हे जमू नये? जमते. लेखकाने कानात सांगायच्या आत दाजींनी उत्तर काढलेले असते. (कानात सांगूही नये. एका हाताला एकच डोके, असा सगळीकडे नियम आहे.) पण उत्तर काढून झाल्यावर ते बदामांकडे बघतात, आणि दहावीच्या वर्गातल्या गरीब पोराला एक मार्क वाढवून द्यावा तसे हजार रुपये सरकवतात. ‘येतंय की.’ येत नाही. पाचांतून चार वेळा येत नाही. पाचव्या वेळी येते आणि त्याची आठवण अक्काला वर्षभर ऐकावी लागते.

हातात छोटी जोडी असली की याच न्यायाने स्वस्तात पुढची तीन पाने बघायला हरकत नाही. सुमारे साडेआठ वेळांतून एकदा तिसरे जुळते. न जुळल्यास सोडावे. सोडावे, दाजी.

नियम ६ : सिनेमासारखे बोलू नये.

‘तुझे हजार, आणि त्याच्यावर माझे दोन हजार!’ असे म्हटले तर वाक्याचा पहिला भागच धरला जातो. वाढवायचे असेल तर आधी ‘रेझ’ म्हणावे, किंवा सगळ्या चिपा एका हालचालीत पुढे न्याव्यात. हप्त्याहप्त्याने सरकवणे चालत नाही. काही न बोलता एकच मोठी चिप टाकली तर ती सहसा नुसता कॉल ठरते. पाळी नसताना बोलू नये. डीलरला दोष देऊ नये, ती फक्त वाटते. जिंकल्यावर तिला एखादी चिप द्यावी. दाजींनी दिली, शंभराची, आणि सुट्टे परत मागितले नाहीत. एवढे नोंदवणे न्यायाचे होईल.

नियम ७ : एक्क्यांची जोडी आली तर दार लावून घ्यावे.

ही जोडी सरासरी २२१ वाटपांत एकदा येते, म्हणजे वरच्या वेगाने साधारण आठ तासांतून एकदा. दाजींना ती पहाटे तीनला आली. त्यांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला आणि नुसते दोनशे भरले. ‘वाढवलं तर पाखरं उडून जात्यात.’ पाखरे उडाली नाहीत. पाच जणांनी दोनशे-दोनशे भरून पंगत धरली.

एका अनोळखी हातापुढे एक्के शंभरांतले ८५ डाव जिंकतात. पाच हातांपुढे निम्म्याच्याही किंचित खाली येतात. म्हणून वाढवायचे, दोघे-तिघे घरी पाठवायचे आणि उरलेल्याकडून भाडे घ्यायचे. टेबलावर सत्ती, चव्वी, राणी पडली. सुरतेच्या एका आजोबांकडे सत्ती-चव्वी निघाली. त्यांनी एवढ्या वाईट पानांवर दोनशे का भरले, असे दाजींनी विचारले. आजोबा नम्रपणे म्हणाले, बघायला.

दाजी त्यानंतर दहा मिनिटे काही बोलले नाहीत. लेखकाला त्यांची दया आली, हे त्याने तेव्हा त्यांना सांगितले नव्हते.

नियम ८ : नातेवाइकाशी एका टेबलावर बसू नये. बसल्यास परका समजावे.

दोन नातेवाइकांनी एकमेकांना सांभाळून खेळणे ही इतरांची फसवणूक आहे, आणि चांगला डीलर ती ओळखतो. तेव्हा दाजींकडून पैसे जिंकणे हे कर्तव्यच ठरते. अडचण निराळी होती. माइक कॅरो नावाच्या अमेरिकन खेळाडूने १९८४ साली हावभावांवर आख्खे पुस्तक लिहिले. समोरच्याचा हात थरथरला तर तो घाबरलेला नसून त्याला भारी पाने आली असावीत, असे त्यात आहे. लेखकाला त्या पुस्तकाची गरज नव्हती. तीस वर्षे गणपतीतल्या रमीत त्याने दाजींना पाहिले आहे. पाने लागली की ते चष्मा पुसतात. एरवी चुकून एकदाही नाही.

पहाटे साडेचारला लेखकाकडे राजा-राणी होती आणि टेबलावर राजा, राणी, नव्वी. दोन वरच्या जोड्या. बाकीचे पांगले, दाजी राहिले. चौथे पान दुर्री. पाचवी दश्शी आली, म्हणजे गुलाम असणाऱ्याचा सिक्वेन्स झाला. मधे ६,००० होते. दाजींनी चष्मा काढला. शर्टाचे टोक घेतले. दोन्ही काचा सावकाश पुसल्या आणि उरलेले ६,००० पुढे ढकलले.

लेखकाने नियम ५ प्रमाणे हिशेब केला. १८,००० तल्या ६,००० साठी तीनांतून एकदा जिंकायला हवे. चष्मा म्हणत होता, एकदाही नाही. त्याने पाने टाकली. अचूक, पुस्तकी, शिस्तीचा निर्णय. दाजींनी आपली पाने पालथीच डीलरकडे सरकवली.

‘काय हुतं दाजी?’

‘बघायचं हुतं तर भरायचं हुतं की, पावणं.’

परतताना सावंतवाडीच्या राजवाड्यात थांबून दोघांनी गंजिफा पाहिल्या : गोल, हाताने रंगवलेल्या, दशावताराच्या दहा रंगांची प्रत्येकी बारा पाने, एकूण १२०. दाजींनी तिथल्या माणसाला विचारले, ह्यात कलर मोठा का सिक्वेन्स. लेखकाने त्याच संधीला आपला प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर आले नाही. बांद्याजवळ एकदा विचारून झाले होते, तेव्हाही आले नव्हते.

आंबोलीत चहाच्या टपरीवर गाडी लावली. घाटात धुके भरले होते, गिऱ्हाइकांचे चेहरेही नीट दिसत नव्हते. दाजींनी चहाचा ग्लास खाली ठेवला, चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला घेतला. मधेच थांबून त्यांनी लेखकाकडे पाहिले, आणि दुसरी काच जरा जास्तच वेळ पुसत राहिले.